एकतीस खिळे

सासऱ्यांनी पहिला खिळा ठोकला, तो वाकला.
पाचव्या मजल्यावरची काँक्रीटची भिंत,
तिला तंबूच्या लाकडी जाळीचं काम कुठलं जमायला.
मग शेजारच्या मुराटकडून ड्रिल आणलं
आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत
एका रांगेत एकतीस भोकं पाडली.

पूर्वी म्हणे अपुऱ्या दिवसांचं मूल
कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीत घालून
तंबूच्या जाळीला टांगत,
रोज एक टोक पुढे.
पोटात राहायचे राहिलेले दिवस
भिंतीवर फेडून घ्यायचे.

पस्तीस आठवडे, चार दिवस.
अडीच किलोला पन्नास ग्रॅम कमी.
नळ्या नाहीत, काचेची पेटी नाही,
रडली, गुलाबी झाली, नखंसुद्धा आलेली.
"जवळजवळ पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाले
आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.
जवळजवळ.
त्या शब्दात किती जागा असते
ते कुणी मोजून दाखवलं नाही.

घरी येईल तो कौतुक करी:
किती शहाणी, रडत नाही, छळत नाही.
चार घोट ओढायची की डोळे मिटले,
दूध ओठांच्या कडेने गळ्याखाली.
मी हलायचीसुद्धा नाही, तिची झोप मोडेल म्हणून.
बाहेर उणे सत्तावीस,
नवरा तांब्याच्या खाणीत रात्रपाळीला,
आणि मी अंधारात फुशारून बसलेली:
माझी लेक गुणाची.

पाचव्या दिवशी नर्स आली, झिबेक,
बुटांवरचा बर्फ न झटकता.
पाळण्याकडे नाही, आधी लंगोटांच्या बादलीकडे गेली.
"कालपासून ओले किती?"
मला दोनच आठवले.
तिने नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबला, उचलला.
खालची कातडी हळदीसारखी.
"शहाणी नाही ही," झिबेक म्हणाली.
"दमलीय."

निळ्या उजेडाखाली पाच दिवस.
डोळ्यांवर पट्टी, अंगावर काही नाही,
वजन उतरून दोन किलो दोनशे दहा.
मी दर तीन तासांनी दूध पिळायची,
चमचा, थांब, गिळलं का, चमचा.
सासऱ्यांचा फोन सकाळी यायचा.
तब्येत विचारत नसत.
"आज सहाव्यावर," एवढंच.
"आज सातव्यावर."
रिकामी टोपी ते पुढे सरकवत होते.
एकदा म्हणाले, रात्री पडली होती खाली,
पण मी लगेच उचलली.
तो अख्खा दिवस मी तिची छाती
वर-खाली होताना बघत बसले.

घरी आल्यावर झोप मोडायला शिकले.
गार फडक्याने तळवे पुसायचे,
कपडे काढून उघड्या छातीशी धरायचं,
कानाची पाळी चोळायची,
ऊठ ग, अजून दोन घोट, झोप कुठे पळून जात नाही.
जन्मभर ऐकलेल्या अंगाया
मी उलट्या म्हणत होते.

टोपीत तिला कधीच ठेवलं नाही.
झिबेकने बजावलं होतं, तोंडाशी केसाळ काही नको.
मला वाटलं सासरे चिडतील.
ते खिळ्याशी खुडबुड करत राहिले, म्हणाले,
"टोपी दिवसांसाठी. पोरीसाठी तू आहेस ना?"

एकतिसाव्या खिळ्याला काही घडलं नाही.
दिवस भरले, असं म्हणायचं होतं कुणीतरी.
पण तेच शब्द जन्माला, तेच मरणाला,
मी ते दिवसभर ओठांवर येऊ दिले नाहीत.
अडीचचा गजर लावून आडवी झाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली,
गजराने नाही.
तोरगिन ओरडत होती.
लालबुंद, मुठी आवळून, नुसत्या भुकेने,
कुणी न उठवता.
खालच्या मजल्यावरून पाइप बडवला कुणीतरी.
दाराबाहेर सासरे उभे होते, अनवाणी,
हातात ती टोपी,
पुढे खिळा नव्हता.
थोडा वेळ तसेच थांबले,
मग टोपी स्वतःच्या डोक्यावर ठेवून
झोपायला गेले.